दोन मित्रांची पत्रे आणि कॅरी बक

गेल्या हिवाळ्यात काही दिवस आमचा मुक्काम यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात होता. कापसाची वेचणी चालू होती. आमच्या परिचयाच्या एक धर्मभगिनी तेथे परिचारिकेचे काम करतात. त्यांच्याबरोबर कोलाम आणि गोंड वस्त्यांवर सिकलसेलच्या रक्ततपासणीसाठी आम्ही दोनदा गेलो. रात्री पांढरकवड्याच्या मुक्कामी वाचावयास म्हणून न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स आणि प्राध्यापक हॅरल्ड लास्की यांच्या पत्रव्यवहाराचे दोन खंड पिशवीत टाकलेले होते. ही जोडी आम्ही हेतुपुरस्सर जमविलेली नव्हती. परंतु दिवसा रक्ताचे थेंब आणि रात्री ही पत्रे, असा क्रम तीन-चार दिवस चालल्यावर एक पुस्तक दुसऱ्यावाचून वाचणे आम्हांस अशक्य होऊन बसले.

प्रथम या पत्रांचे श्रेय त्यांस दिले पाहिजे. १९१६ साली फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी दोघांची गाठ घालून दिली तेव्हा होम्स अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पंचाहत्तर वर्षांचे न्यायमूर्ती होते आणि लास्की अवघे तेवीस वर्षांचे अध्यापक. पुढे १९३५ साली होम्स यांचे निधन होईपर्यंत हा पत्रव्यवहार चालला आणि १९५३ साली मार्क डी वुल्फ हाउ यांनी तो संपादून हार्वर्ड विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला. तोवर लास्कीही दिवंगत झाले होते. कायदा, तत्त्वज्ञान, जुन्या ग्रंथांची दुकाने, मित्रमंडळींच्या कुचाळक्या, नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्या, काय नाही या पत्रांत! होम्स मोजके लिहितात. वाक्य असे घडविलेले की त्यातून एक शब्द काढता येऊ नये. लास्की मात्र पाल्हाळिक, रंगेल, आणि जेथे गोष्ट रंगत नाही तेथे पदरचे घालणारे. कोणा थोराची भेट झाली नसताही झाली असे लिहून मोकळे होण्याची त्यांची खोड अभ्यासकांनी पुराव्यानिशी दाखविली आहे. तरीही वयाचे अर्धशतकाचे अंतर ओलांडून जुळलेला असा स्नेह वाङ्मयात क्वचितच भेटतो. म्हाताऱ्या माणसाची बुद्धी ताजी ठेवण्याचे काम या तरुणाने केले आणि तेही इतक्या हळुवारपणे की वाचकास दोघांचाही हेवा वाटावा.

मग १९२७ च्या वसंतातील पत्रे येतात.

त्या वर्षीच्या २ मे रोजी होम्स यांनी बक विरुद्ध बेल या खटल्याचा निकाल दिला. मंदबुद्धी ठरविलेल्या व्यक्तीची सक्तीने नसबंदी करण्याचा व्हर्जिनिया राज्याचा १९२४ चा कायदा त्यांनी वैध ठरविला. आठ न्यायमूर्ती एका बाजूस, एक दुसऱ्या बाजूस. सक्तीच्या देवी टोचणीस मान्यता देणारा १९०५ चा एक निवाडा, एवढाच काय तो पूर्वाधार. लोकांना टोचता येते, मग गर्भवाहिन्या कापण्यात काय अडचण, असा तो युक्तिवाद! आणि अशा जडबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, या आशयाचे वाक्य, जे आज निकालापेक्षाही अधिक लक्षात राहिले आहे. या सुमारास लास्कींना लिहिताना होम्स या प्रकरणाचा उल्लेख चार-दोन ओळींत करतात. धर्मनिष्ठ मंडळी यावरून अस्वस्थ आहेत असे आधी कळवितात. निकाल दिल्यानंतर, खऱ्या सुधारणेच्या मूळ तत्त्वाजवळ आपण पोहोचल्यासारखे वाटले, असे सांगतात. लास्की उत्तरादाखल थट्टा करतात: सर्व नालायकांची नसबंदी करावी, आणि त्यांत धर्माच्या कट्टर अनुयायांचीही गणना व्हावी. एवढे होऊन पत्रे पुन्हा पुस्तकांकडे वळतात.

येथे आमच्या काही मित्रांचा आक्षेप असतो की, खासगी पत्रात माणूस सैल बसतो, त्या बैठकीचा न्याय करणे रास्त नव्हे. आम्ही हे अर्धे मान्य करतो. सैल बसल्यावरच माणसाला कोण आठवते आणि कोण आठवत नाही हे कळते; पत्रवाङ्मयाचे मोलच ते. निकालपत्रात कॅरी बक हे नाव नाइलाजाने येते. मित्राच्या पत्रात मात्र विषय असतो तो कायद्याचा, सुधारणेचा, टीकाकारांचा. ती नसतेच.

कॅरी कोण होती? १९०६ साली शार्लट्सव्हिल येथे जन्मलेली गरीब मुलगी. आई एमा हिला १९२० साली लिंचबर्गजवळच्या, अपस्मारी व मंदबुद्धी लोकांसाठीच्या सरकारी वसाहतीत टाकण्यात आले. कॅरी लहानपणापासून एका दुसऱ्या कुटुंबात वाढत होती. त्याच कुटुंबाच्या नात्यातील एका तरुणाने तिच्यावर बलात्कार केला. तिला दिवस गेले, आणि अब्रूचा प्रश्न मिटावा म्हणून १९२४ साली तिलाही त्याच वसाहतीत पोहोचविण्यात आले. तिची मुलगी व्हिव्हियन ही 'तिसरी पिढी' होय. खटल्यात या बाळाचे वय सात-आठ महिने होते. एका समाजसेविकेने साक्षीत सांगितले की त्याच्या नजरेत काहीतरी वेगळे वाटते. हॅरी लॉफलिन नामक सुप्रजाशास्त्राच्या तज्ज्ञाने तर कॅरीला न पाहताच लेखी अभिप्राय दिला. त्या काळी हे सर्व आरोग्यविषयक संशोधन या सदरात मोडत होते.

या पार्श्वभूमीवर लास्कींची ती थट्टा आम्हांस अधिक बोचते, कारण त्यांना हा विषय नवा नव्हता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ते लंडनमध्ये कार्ल पिअर्सन यांच्या हाताखाली सुप्रजाशास्त्रच शिकले होते. दुसरीही एक गोष्ट भारतीय वाचकाने विसरू नये. १९२४ साली सर मायकेल ओड्वायर यांनी सर शंकरन नायर यांच्यावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला तेव्हा बारा ज्यूरींपैकी अकरा ओड्वायरच्या बाजूचे होते. बारावे, नायर यांच्या बाजूचे, हेच हॅरल्ड लास्की. पंजाबातील अत्याचारांच्या प्रश्नावर एकटे उभे राहण्याची ज्याची छाती होती, त्याला मित्राच्या आनंदावर साधा एक प्रश्न टाकता आला नाही. स्नेह माणसास धीट करतो असे आपण म्हणतो. येथे तो भिडेस पडला.

होम्स-लास्की पत्रांपेक्षा अगदी निराळ्या जातीची आणखी काही पत्रे या प्रकरणात आहेत आणि आमच्या मते तीच निर्णायक होत. व्हर्जिनियाचा कायदा ज्यांनी मसुद्यातून घडविला ते वकील ऑब्री स्ट्रोड हेच वसाहतीचे वकील. कॅरीच्या बाजूने उभे राहिले आयर्व्हिंग व्हाइटहेड. ते स्ट्रोड यांचे बालपणापासूनचे मित्र आणि वसाहतीच्या मंडळाचे माजी सदस्य. व्हाइटहेड यांनी तिच्या वतीने एकही साक्षीदार उभा केला नाही. त्यांची फीही वसाहतीकडूनच मिळत होती. पॉल लोंबार्डो या अभ्यासकाने स्ट्रोड यांची कागदपत्रे चाळून हे संगनमत उघड केले आणि १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्यास एका शालेय प्रगतिपुस्तकाची जोड दिली. ते व्हिव्हियनचे होते. ती शाळेत चांगल्यापैकी गुण मिळवीत होती, एकदा तर तिचे नाव गुणवंतांच्या यादीत लागले होते. १९३२ साली, आठ वर्षांची असताना, ती आजारात गेली. त्या कामकाजी पत्रांना वाङ्मयीन गुण शून्य. रुक्ष, व्यवहारी, तारखा आणि पैशांची. पण सत्य त्यांच्यात राहिले. सुंदर पत्रांत नाही.

एकमेव विरोधी न्यायमूर्ती पिअर्स बटलर कॅथलिक होते. आपल्या मंडळींत हे अभिमानाने सांगितले जाते. अभिमान ठीक आहे, परंतु बटलर यांनी आपल्या विरोधाचे कारण म्हणून एक ओळही लिहिली नाही. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या परिपत्रकात अशा सक्तीचा निषेध केला, तोवर कॅरीवरील शस्त्रक्रियेस तीन वर्षे उलटून गेली होती. पुढे एकट्या व्हर्जिनियात आठ हजारांहून अधिक आणि साऱ्या अमेरिकेत साठ हजारांहून अधिक लोकांवर हा प्रयोग झाला. न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्यात आरोपींनी याच निकालाचा आधार घेतला. बटलर यांनी दोन पाने लिहिली असती तर काही अडले असते की नाही, हे कोणी सांगावे? पण आमच्यापुढे त्यांचे न लिहिलेले पत्रही ठेवलेले आहे.

हे सारे परक्यांचे, असे म्हणून मराठी वाचकास अंग काढून घेता येत नाही. त्याच १९२७ साली ना. सी. फडके यांचा 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हा इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात सुप्रजाजननाच्या चळवळीचा पुरस्कार असून प्रस्तावना मार्गारेट सँगर यांची आहे. त्याच वर्षीच्या जुलैत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. कर्वे यांच्याशी आमचे मतभेद आहेत आणि ते राहतील, पण त्यांचा सारा भर माणसाला माहिती देऊन निर्णय त्याच्यावर सोडण्यावर होता. १९३४ साली त्यांच्यावरील अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले ते उगीच नव्हे. फडके आणि कर्वे यांना एकाच ओळीत बसविणारी समीक्षा आळशी होय. सक्तीची पाळी आपल्याकडे आली ती १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले तेव्हा. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. मात्र कायद्यावाचूनही त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्याच.

आता पुन्हा केळापूर. सिकलसेल आणि 'जडबुद्धी' यांची तुलना करणे अन्यायाचे होईल, हे प्रथम नमूद करतो. सिकलसेल हा खरा आजार आहे, त्याचे गणित पक्के आहे: आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक आणि वाहक होण्याची चारात दोन. वेदना खऱ्या आहेत, तपासणी हवीच आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरविले, ते चांगलेच केले. पण एका वस्तीवर एका आईने आपल्या मुलीचे कार्ड चौघडी घालून तांदळाच्या डब्यात खाली सरकविलेले आम्ही पाहिले. मुलगी उपवर होती. रोगी नव्हे, वाहक. भगिनींनी त्या माउलीशी पाऊण तास बोलून वाहक म्हणजे काय ते सांगितले, मुलीलाही समोर बसवून. तपासणीच्या तक्त्यात त्या पाऊण तासाला रकाना नव्हता.

त्या रात्री आम्ही होम्स यांचे खंड मिटून ठेवले आणि आठवली ती तिसऱ्या प्रकारची पत्रे. वसाहतीतून सुटल्यावर कॅरी बक तेथील अधीक्षक डॉ. बेल यांना पत्रे लिहीत असे. ज्यांनी स्वहस्ते तिच्यावर शस्त्रक्रिया केली होती, त्यांनाच. भाषा साधी, मागणे लहान. आई कशी आहे, ते ती विचारते.