हाइनेची हार्ट्झ-यात्रा व सहप्रवाशाचा जबाब

प्रवासवर्णन लिहिणाऱ्यास जी मोकळीक मिळते ती दुसऱ्या कोणत्याही लेखकाच्या वांट्यास येत नाहीं. कादंबरीकारानें पात्र खोटें रंगविलें तर वाचक त्याला हटकतो. चरित्रकाराची चूक झाली तर चरित्रनायकाचे आप्त आणि शिष्य त्यास जाब विचारतात. परंतु आगगाडीच्या डब्यांत भेटलेल्या माणसाचें चित्र प्रवासी लेखकानें जसें काढलें असेल तेंच कायमचें. तो माणूस पुढल्या स्टेशनावर उतरून गेलेला असतो. लेखकाची भाषा त्याला बहुधा येत नसते. आणि आपण कोणाच्या तरी पुस्तकांत हास्यास पात्र झालों आहों, याची त्याला वार्ताही नसते. अशा एकतर्फी खटल्यांत न्याय कितपत होतो? हा प्रश्न आमच्या मनांत एका जुन्या पुस्तकानें आणि आमच्याच हातून घडलेल्या एका प्रमादानें उभा केला. पुस्तक म्हणजे हाइनरिख हाइने या जर्मन कवीची 'हार्ट्झ-यात्रा'. प्रमादाची हकीकत पुढें ओघानें येईलच.

एका उन्हाळ्यांत गॉटिंगेन या जर्मनींतील विद्यापीठाच्या गांवीं तीन महिने राहण्याचा योग आम्हांस आला. हें गांव महाराष्ट्राला अगदींच परकें नाहीं. १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृत शिकविणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ति सिद्ध करणारे डॉ. कीलहॉर्न पुढें येथेंच प्राध्यापक होते, आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस १८८५ सालीं सन्मानाची पदवी दिली तीही याच विद्यापीठानें. आठवड्याचे पांच दिवस पुस्तकालयांत काढावे आणि शनिवार-रविवार पाठीवर पिशवी टाकून जवळच्या हार्ट्झ डोंगरांत भटकावें, असा आमचा क्रम ठरून गेला. उन्हाळ्यापुरते आलेले निरनिराळ्या देशचे विद्यार्थी व अभ्यासक सोबतीला असत. अशा दोन दिवसांच्या सहलींतील मैत्री मोठी चमत्कारिक असते. सकाळीं ज्याचें नांवही ठाऊक नव्हतें तो माणूस दुपारीं आपल्या शिदोरींतला अर्धा वांटा आपल्यापुढें ठेवतो, रात्रीं आपल्या घरचें दुःख सांगतो, आणि रविवारीं सायंकाळीं फलाटावर हात हालवून कायमचा नाहींसा होतो. पुन्हां भेट व्हावयाची नाहीं हें ठाऊक असतें म्हणूनच तो इतका मोकळेपणानें बोलतो. हा मोकळेपणा लेखकाच्या हातीं लागला म्हणजे त्याचें काय होतें, हें हाइनेच्या पुस्तकांत उत्तम पाहावयास मिळतें.

हाइनेचा जन्म १७९७ सालचा, ड्युसेलडॉर्फ येथला. कायद्याच्या अभ्यासासाठीं तो गॉटिंगेनला आला. १८२१ मध्यें द्वंद्वयुद्धाच्या एका प्रकरणावरून विद्यापीठानें त्याला सहा महिन्यांकरितां घालवून दिलें. १८२४ मध्यें तो पुन्हां तेथेंच परतला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत कायद्याच्या पोथ्यांना कंटाळून तो पायींच निघाला. नॉर्टेन, ओस्टेरोडे, क्लाउस्टाल, गोस्लार, तेथून ब्रोकेन हें शिखर, आणि इल्झे नदीच्या कांठानें उतार, असा त्याचा मार्ग होता. या प्रवासाचें वर्णन १८२६ च्या आरंभीं बर्लिनच्या 'गेझेलशाफ्टर' या नियतकालिकांत व त्याच वर्षीं 'राइझेबिल्डर' या ग्रंथाच्या पहिल्या भागांत प्रसिद्ध झालें. पुस्तक लहान आहे, गद्यांत मधून मधून पद्य आहे, आणि तें अपुरेंच राहिलें आहे असें खुद्द लेखकच शेवटीं सांगतो. याच प्रवासांत पुढें तो वायमार येथें वृद्ध गटेची भेट घेऊन आला होता. परंतु त्या भेटीचा पुस्तकांत उल्लेख नाहीं. थोर पुरुषाची भेट गाळावी आणि वाटेंत भेटलेल्या शिंप्याला पानेंच्या पानें द्यावीं, ही निवड प्रवासवर्णनकारांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

पुस्तकाचा पहिला गुण म्हणजे त्याची गति. गॉटिंगेनच्या पंडितांची टर उडवीत लेखक वेशीबाहेर पडतो आणि मग गंमत, स्वप्न, निसर्ग व चिंतन यांतून तो अशा सहजतेनें ये-जा करतो कीं, सांधा कोठें आहे तें दिसत नाहीं. प्रवाशांसाठीं गॉटशाल्कनें लिहिलेलें मार्गदर्शक पुस्तक त्याच्याजवळ आहे. त्याचा तो उपयोग करतो आणि त्याची थट्टाही करतो. पण आमच्या मतें पुस्तकाचें मर्म या थट्टेंत नाहीं. तें आहे क्लाउस्टालच्या खाणकामगाराच्या घरांत. तेथें चुलीमागें, मोठ्या कपाटासमोर, एक थरथरती म्हातारी बसलेली त्याला दिसते. पंचवीस वर्षें ती तेथेंच बसत असेल, आणि त्या चुलीचा प्रत्येक कोपरा व कपाटावरची प्रत्येक नक्षी तिच्या विचारांत आणि भावनांत मिसळून गेली असेल, असें त्याच्या मनांत येतें. यावरून तो लोककथांच्या उगमाचा विचार करतो. ज्यांचें आयुष्य अशा निकट सहवासांत स्थिरपणें जातें त्यांच्याशींच वस्तू बोलूं लागतात, आणि मग सुई, टांचणी, निखारा यांच्याही गोष्टी होतात. एका म्हातारीकडे क्षणभर नीट पाहिल्यामुळें हा विचार त्याला सुचला. पाहणें म्हणजे काय याचा हा धडाच आहे.

परंतु हाच लेखक इतर ठिकाणीं तितकें नीट पाहत नाहीं. कारोलिना व डोरोथेआ या खाणींत तो कामगाराचे कपडे घालून ओल्या, निसरड्या शिड्यांवरून उतरतो, आणि तें वर्णन वाचतांना आपलेही हात गार पडतात. टांकसाळींत नुकत्याच जन्मलेल्या रुप्याच्या नाण्याला उद्देशून तो मोठें मौजेचें भाषण करतो. मात्र त्या रुप्यासाठीं खालीं उतरणारा माणूस त्याच्या दृष्टीला निष्ठावंत, शांत आणि समाधानी एवढाच दिसतो. त्याला मजुरी काय मिळते, तो किती वर्षें जगतो, त्याच्या मनांत कडवटपणा आहे कीं नाहीं, हें त्यानें विचारलें नाहीं. एका दिवसाच्या पाहुण्याला यजमानाचें घर नेहमींच सुखी दिसतें.

आतां शिंप्याकडे वळूं. ओस्टेरोडेहून क्लाउस्टालकडे जातांना हाइनेला एक भटका शिंपी भेटतो. त्याच्या रोडपणावर लेखक उपमा रचतो. चालण्याची ऐट मिरवून थोड्याच वेळांत मटकन् बसणारा तो जीव आपल्यापुढें उभा करतो. आणि गटेच्या 'एग्मोंट' नाटकांतील एक गीत तो कसें मोडूनतोडून गातो तें सांगून सामान्य लोकांच्या तोंडीं कविता कशी बदलते यावर भाष्य करतो. प्रकरण इतकें खुमासदार आहे कीं, पुष्कळ वाचकांना सबंध पुस्तकांतून एवढेंच आठवतें.

आणि येथेंच साहित्याच्या इतिहासांत क्वचित् घडणारी गोष्ट घडली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत, त्याच 'गेझेलशाफ्टर' मध्यें, कार्ल डोर्न नांवाच्या गृहस्थानें एक लेख छापला. तो शिंपी नव्हताच. व्यापाराच्या कामानिमित्त फिरणारा मनुष्य होता. त्याचें म्हणणें असें कीं, वाटेंत भेटलेल्या या अनोळखी तरुणाची थोडी गंमत करावी म्हणून आपण शिंप्याचें सोंग घेतलें, आणि कवि महाशयांनीं तें सोंग खरें मानून छापून काढलें! म्हणजे ज्या वेळीं लेखक आपल्या सहप्रवाशाकडे मिस्किलपणें पाहत होता, त्याच वेळीं सहप्रवासीही त्याच्याकडे तितक्याच मिस्किलपणें पाहत होता. फरक एवढाच कीं, एकाचें पुस्तक अजरामर झालें, आणि दुसऱ्याचा जबाब विद्वानांच्या टीपांत पडून राहिला.

ज्यू कुटुंबांत जन्मलेल्या हाइनेला, माणसाला त्याच्या वर्गावरून ओळखण्याची संवय किती बोचते हें अनुभवानें ठाऊक होतें. तरीही शिंपी म्हटल्याबरोबर त्याला रोड, भित्रा, गाणीं बिघडविणारा शिंपीच दिसला; कारण शिंपी असाच असावयाचा हें त्यानें आधींच ठरविलें होतें. डोर्ननें सोंग घेतलें खरें, पण त्या सोंगासाठीं लागणारें कापड लेखकाच्या मनांत अगोदरच बेतलेलें होतें.

हें लिहितांना आम्हांस आमची स्वतःची गोष्ट लपवितां येत नाहीं. जून महिन्यांतील एका शनिवारीं गोस्लारला जाणाऱ्या गाडींत एक वृद्ध जर्मन गृहस्थ आमच्या समोर येऊन बसला. आम्ही परदेशी हें पाहून तो मोठमोठ्यानें, एकेक शब्द तोडून बोलूं लागला. गोस्लारजवळच्या रामेल्सबेर्ग खाणींत आपण काम केलें, ती १९८८ सालीं बंद झाली, तेथें शिसें, जस्त, तांबें, रुपें निघत असे, असें बोटें मोजून त्यानें सांगितलें. उतरतांना टोपीला बोट लावून 'ग्लुक आउफ' म्हणाला आणि निघून गेला. परकी भाषा मोठ्यानें बोलली कीं परक्याला समजते अशी त्याची समजूत असावी, असें आम्हीं घरीं पत्रांत लिहिलें आणि त्याची हुबेहुब नक्कल उतरविली. पत्र घरीं मोठ्यानें वाचलें गेलें. सर्वजण पोट धरून हंसले.

पुढच्या शनिवारीं ती खाण पाहावयास गेलों. ती व गोस्लारचें जुनें गांव १९९२ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहेत. तेथें माहिती सांगणाऱ्यानें दगड फोडण्याचें यंत्र क्षणभर सुरू करून दाखविलें आणि वर्षानुवर्षें तें हातीं धरणाऱ्यांचे कान कसे जात तें सांगितलें. तेव्हां आमच्या डोक्यांत प्रकाश पडला. तो म्हातारा मोठ्यानें बोलत होता तो आम्हांस बहिरें समजून नव्हे. त्याला स्वतःलाच ऐकूं येत नसावें. 'ग्लुक आउफ' हा तर खाणवाल्यांचा जुना नमस्कार. धातूची शीर सांपडो आणि सुखरूप वर या, असा त्याचा आशय. तो हाइनेच्या पुस्तकांतही आहे आणि आम्हीं तो वाचलाही होता! खाण बंद झालेल्या त्या माणसानें आपल्याजवळ उरलेली शुभेच्छा एका परक्यास दिली, आणि आम्हीं तिचा विनोद केला. त्याला जबाब देण्यासाठीं कोणतेंही 'गेझेलशाफ्टर' उपलब्ध नव्हतें.

ब्रोकेनवरील प्रसंगांत मात्र हाइनेचा विनोद निर्मळ वाटतो. शिखरावरच्या खाणावळींत विद्यार्थ्यांचा रात्रीं उशिरापर्यंत गोंधळ चालतो. दोन तरुण कपाटाचें दार खिडकी समजून उघडतात आणि आंतल्या पिवळ्या कातडी विजारीस चंद्र समजून काव्यमय भाषण करतात. हें चित्र कोणास बोचत नाहीं, कारण त्या मेजवानींत लेखकही पीत बसलेला आहे. तो गर्दीच्या बाहेर उभा नाहीं. आम्ही त्या १,१४१ मीटर उंचीच्या शिखरावर गेलों तेव्हां निम्मी मंडळी वाफेच्या गाडीनें वर आली होती. १९६१ पासून हें शिखर पूर्व जर्मनीच्या लष्करी ताब्यांत होतें. ३ डिसेंबर १९८९ रोजीं लोकांनीं फाटक उघडावयास लावलें. हाइनेनें वर्णिलेल्या सूचिपर्णी झाडांपैकीं पुष्कळ भाग २०१८ नंतरच्या अवर्षणानें व सालींतल्या किडीनें वाळून उभा आहे. पुस्तकांतला डोंगर पालटला. पण वर पोंचल्यावर अनोळखी माणसांनीं एकमेकांस शिदोरी द्यावी, ही रीत पालटलेली नाहीं.

आमच्या मराठींत प्रवासवर्णनांची परंपरा लहान नाहीं. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (१९०७), पंडिता रमाबाईंचें अमेरिकेवरील पुस्तक (१८८९), अनंत काणेकरांचें 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' (१९४०), पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०), यांत माणसें जिवंत भेटतात. आणि 'अपूर्वाई'चा लेखक तर आधीं स्वतःला हंसतो व मग दुसऱ्याला. परंतु यांच्या मागून आलेल्या ढिगांत राजवाडे, पूल आणि पदार्थ यांची यादी मोठी, आणि सहप्रवासी म्हणजे देशपरत्वें ठरलेला एक ठसा: इंग्रज अबोल, जर्मन शिस्तीचा, इटालियन बडबड्या. दोन दिवसांच्या ओळखीवर आपण एका राष्ट्राचा निकाल देऊन मोकळे होतों.

कोणी म्हणेल, सहप्रवासी आपलें लिहिणें वाचील या धाकानें लिहावयाचें तर विनोद मरेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. डोर्नचा लेख वाचूनही शिंप्याचें प्रकरण वाचतांना हंसूं येतेंच. फक्त आतां तें दोघांनाही येतें. सहप्रवाशापुढें वाचून दाखवितां येईल असाच विनोद टिकाऊ असतो, एवढाच आमचा अनुभव.

'हार्ट्झ-यात्रा' प्रत्येक सुशिक्षित घरांत वाचली जावी अशा योग्यतेचें पुस्तक आहे. एकाद्या जाणत्या लेखकानें तें मूळ जर्मनवरून मराठींत आणावें. आणि आणतांना डोर्नचा तो छोटा लेखही शेवटीं अवश्य जोडावा. आमच्या त्या पत्राखालीं आम्हींही खाणींतली हकीकत लिहून ठेवली आहे. घरीं तें पुन्हां मोठ्यानें वाचलें गेलें. या खेपेस कोणी हंसलें नाहीं.