कावा लोहाराचे चामडे

झोहाक म्हटले की आपल्याला त्याच्या खांद्यांवरचे साप तेवढे आठवतात. अवेस्तातला अझी दहाक तीन तोंडांचा, सहा डोळ्यांचा सर्प आहे. हा ‘अझी’ म्हणजे वेदांतला ‘अहि’च. फिरदौसीने १०१० च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ‘शाहनामा’त तो माणूस झाला, राजा झाला. सैतानाने खांद्यांचे चुंबन घेतले, तिथे साप उगवले आणि त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू लागू लागले.

इथवर ही राक्षसाची गोष्ट. राज्यकर्त्याची पुढे आहे. झोहाकाला धास्ती बसते तेव्हा त्याला नुसते सैन्य पुरत नाही, कागद हवा असतो! राजाने न्यायाखेरीज काही केले नाही, असा दाखला लिहिला जातो आणि दरबारचे मातब्बर भीतीने सह्या करतात. इतक्यात कावा लोहार आत शिरतो. अठरा मुलांतला एकच उरलेला, तोही सापांसाठी धरलेला. मुलगा सोडतात, पण बदल्यात सही मागतात. कावा दाखला फाडतो, पायाखाली तुडवतो आणि भट्टीपुढे बांधायचे चामडे भाल्याला लावून बाजारात उभा राहतो. आमच्या दोघांत लोखंडाचा डोंगर उभा राहिला, असे झोहाक दरबाऱ्यांना सांगतो. अवेस्तात हा लोहार नाही.

पण लोक जमवून कावा जातो कुठे? राजवंशातल्या फेरिदूनाकडे. फेरिदून त्या चामड्यावर रेशीम, सोने, रत्ने चढवतो. पुढचा प्रत्येक राजा भर घालतो. चामडे दिसेनासे होते.

इराणी कवी अहमद शामलू यांनी १९९० साली बर्कलीत मांडले, की जमशीदाने पाडलेले चार वर्ग मोडणारा झोहाकच, फिरदौसीने त्याला बदनाम केले. मोठे वादळ उठले. जमशीदाचे ते वर्ग, पुरोहित, योद्धे, शेतकरी, कारागीर, ‘शाहनामा’त आहेतच, आपल्याला ते नवे नाहीत. जोतीरावांचा बळीराजा ज्यांनी वाचला, त्यांना शामलूंची वाट ओळखीची वाटेल. तरी मी त्या वाटेने जाणार नाही. कावाची सतरा मुले आडवी येतात.

आणि झोहाकाला निर्दोष ठरवण्याची गरजही नाही. पुरावा फिरदौसीनेच ठेवला आहे. झोहाक हाती लागताच, त्याला दमावंदच्या डोंगरात जखडण्याआधीच, फेरिदूनाची दवंडी फिरते : हत्यारे खाली ठेवा; शिपाई आणि कारागीर यांनी एकाच मानाची हाव धरू नये; एकाने हातकाम करावे, एकाने गदा धरावी. ज्यांना हे ऐकवले, त्यांना बाजारातून उठवणारा लोहार होता.