‘पात्र व्यक्ती’ कोण?

आमच्या समीक्षकांनी कथा-कवितेतला माणूस पुष्कळ तपासला. कायद्याच्या भाषेतला माणूस मात्र वकिलांवर सोडून दिला. म्हणून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मी एक संहिता म्हणून वाचला. तिचा नायक आहे ‘पात्र व्यक्ती’. व्याख्या पाहावी, तर लोकसेवा मिळण्यास जी पात्र ती पात्र व्यक्ती! शिवाय तीत कायदेशीर व्यक्तीही, म्हणजे कंपनीही, धरली आहे. गावकुसाबाहेरचा भूमिहीन या व्याख्येत कुठून शिरणार?

विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, दोन अपिले, वर आयोग, हे सारे त्यात आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण मुदतीचा काटा फिरू लागतो तो सर्व कागद जोडून अर्ज परिपूर्ण झाल्यावर. ज्याच्याजवळ कागदच नाही त्याचा अर्ज परिपूर्ण होत नाही. म्हणून त्याला उशीरही होत नाही. कायद्याच्या लेखी त्याच्यावर अन्याय घडलेलाच नसतो.

जातीच्या दाखल्याचेच घ्या. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. जमिनीचा उतारा, शाळेतली नोंद, कोतवाल बुकाची नक्कल. माझे आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत, नावावर वितीएवढी जमीन नव्हती. माझ्या दाखल्यासाठी वडिलांनी तालुक्याला सात खेटे घातले. मजुरी बुडाली ती वेगळीच. ज्या गावाला आमची जात ओळखायला कधी कागद लागला नाही, ना पाणवठ्यावर, ना चहाच्या कपाला, त्याच गावातले आम्ही कचेरीत पाऊल टाकताच बिनजातीचे ठरलो! जातिअंताची ही अशी अंमलबजावणी बाबासाहेबांना खचित अभिप्रेत नव्हती. अखेर चुलत आजोबांची एक जन्मनोंद सापडली, म्हणून मी आज प्राध्यापक आहे.

जात प्रमाणपत्राच्या २००० सालच्या अधिनियमातील कलम ८ पुराव्याचा भार अर्जदारावर टाकते. खोटे दाखले रोखण्यासाठी ते आहे, हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या पूर्वजांना जमीन आणि शाळा दोन्ही नाकारली, त्यांच्याकडेच त्या दोहोंचा पुरावा मागायचा? अशा कुटुंबांपुरता हा भार उलटला पाहिजे. तलाठ्याने वस्तीवर यावे, म्हाताऱ्यांचे जबाब घ्यावेत, आणि मुदत त्या दिवसापासून मोजावी.

यंदा माझ्या वर्गातल्या एका मुलीची शिष्यवृत्ती याच कागदावर अडली आहे. आईवडील ऊसतोडीला गेलेत. सोमवारी ती आणि मी तहसीलला जाणार आहोत. तिच्या आजोबांचे नाव अजून कोणत्याच वहीत सापडलेले नाही.