अनियतकालिकांचा ऱ्हास आणि चर्चेचे केंद्रीकरण : मराठवाड्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

साठोत्तरी मराठी साहित्याचा विचार अनियतकालिकांना वगळून करता येत नाही. ही चळवळ प्रामुख्याने बंडखोरीच्या अंगाने अभ्यासली गेली. चर्चेचे स्वायत्त पीठ म्हणून तिची चिकित्सा त्या मानाने कमी झाली. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील दोन नियतकालिकांच्या आधारे ही चिकित्सा केली आहे.

केंद्र आणि परिघ :

मौजेचे 'सत्यकथा' हे त्या काळातील वाङ्मयीन मान्यतेचे केंद्र होते. नवकथा व नवकविता यांना त्याने बळ दिले. मात्र निवडीचा अधिकार मुंबईतील एका संपादकीय दृष्टीपाशी एकवटला. 1969 मध्ये मुंबईत 'सत्यकथा'ची होळी झाली. तथापि, खरे उत्तर 'असो', 'येरू' यांसारख्या स्वतंत्र अंकांनी दिले. भालचंद्र नेमाडे, चंद्रकांत पाटील यांची नावे जोडली गेलेले 'वाचा' तत्कालीन औरंगाबादहून निघाले. तेथीलच मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून 'अस्मितादर्श' उभे राहिले.

'वाचा' अल्पजीवी ठरले. 'अस्मितादर्श' गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली अनेक दशके चालले. या फरकाचे कारण केवळ आर्थिक नाही. प्रस्थापिताला विरोध हा ज्याचा मुख्य आधार, त्याचे बळ तो विरोध मुरताच ओसरते. 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांबरोबर स्वतःचा वाचकही घडविला आणि लेखक-वाचक मेळाव्यांतून त्यांना समोरासमोर आणले.

ऱ्हासाची कारणे :

अनियतकालिक बंद पडणे ही नवी घटना नव्हे. एक बंद पडले की दुसरे निघे. आज ती साखळी क्षीण झाली आहे. समाजमाध्यमांनी प्रकाशनाचा खर्च जवळजवळ संपविला, हे मान्य करावेच लागते. हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावातील कवीला आता संपादकाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. परंतु कोणाचे लेखन कोणापुढे यावे, हे कंपनीची यंत्रणा ठरविते. 2014 मध्ये ऑर्कुट बंद झाले, तेव्हा तेथील मराठी समूहांची चर्चापीठेही संपली. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद पडले, तरी त्याचे अंक ग्रंथालयांत राहिले. 'सत्यकथा'च्या संपादकाशी भांडता येत होते. या नव्या केंद्राला संपादकच नाही.

दुसरे कारण महाविद्यालयांच्या आतले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने प्रकाशनाला गुण जोडले. त्यामुळे प्राध्यापकांचे लेखन गुण देणाऱ्या नियतकालिकांकडे वळले. लहान मासिकांचा लेखक व वर्गणीदार बहुधा हाच प्राध्यापक होता. पुढे आयोगाने केअर यादी आणली आणि 2025 मध्ये ती बंदही केली. गुणांसाठी लिहिण्याची सवय मात्र त्याबरोबर गेलेली नाही.

समारोप :

सारांश, स्वायत्त चर्चापीठ टिकते ते विरोधाच्या धारेपेक्षा स्वतःच्या वाचकवर्गावर. नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी अनियतकालिकांचे उपलब्ध अंक जतन करणे निकडीचे आहे. त्याहून निकडीचे म्हणजे प्राध्यापकाने वर्षातून एखादा तरी लेख गुणांची अपेक्षा न ठेवता लहान मासिकाला देणे आणि त्याची वर्गणी भरणे होय.