फाब्रचा पंचनामा आणि फाब्रचा निकाल

फ्रेंच कीटकनिरीक्षक जाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांच्या कीटकस्मृतींचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात प्रकाशित झाले. त्यांतील स्कोलिया नामक गांधीलमाशीवरील प्रकरणे अलेक्झांडर तेशेरा द मातोस यांच्या ‘मोअर हंटिंग वॉस्प्स’ (१९२१) या इंग्रजी अनुवादात आहेत. ती आम्ही नुकतीच पुन्हा वाचली, आणि पूर्वी जेथे मान डोलावली होती तेथेच या खेपेस अडखळलो.

ही माशी जमिनीत शिरते, भुंगेऱ्याची लठ्ठ अळी अंधारातच हुडकते, डंखाने तिला लुळी करते आणि तिच्या पोटावर एकच अंडे घालून निघून जाते. (आपल्याकडील ऊसवाल्यांना छळणारी हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी, तिच्यावर जगणाऱ्या स्कोलिया कुळातील माश्या आपल्या देशातही आहेत.) फाब्रना हे सहजी दिसले नाही. ऐन उमेदीत अविन्योंजवळच्या रानात माती उकरून हाती लागले ते कोश आणि फस्त झालेल्या अळ्यांचे अवशेष. वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर सेरिन्यां गावी, स्वतःच्या आवारातील पालापाचोळ्याच्या ढिगात, उरलेली हकीकत उलगडली. अंड्यातून निघालेले पिल्लू अंडे चिकटले होते तेथेच भोक पाडते, मान आत घालते आणि ती जागा सोडत नाही. मर्मस्थानांना ते सर्वांत शेवटी तोंड लावते. त्यामुळे भक्ष्य अखेरपर्यंत ताजे राहते. फाब्रनी पिल्लू उचलून दुसऱ्या जागी लावून पाहिले, लुळी न केलेली अळी बांधून पुढ्यात ठेवून पाहिली. अळी सडली, पिल्लू मेले. शासकीय सेवेत आम्ही शेकडो पंचनामे वाचले. इतका चोख क्वचितच पाहिला.

आमची तक्रार आहे ती निकालाबद्दल. फाब्र म्हणतात, पहिल्या स्कोलियाला ही कला संपूर्ण अवगत असलीच पाहिजे, अन्यथा तिचा वंशच उरला नसता. सबब, हळूहळू घडत गेलेल्या उत्क्रांतीची कल्पना खोटी. ज्या डार्विनने त्यांच्या निरीक्षणशक्तीची वाखाणणी केली, त्याच्यावरच हा रोख. युक्तिवाद रेखीव आहे, आणि आम्ही भुललो ते त्या रेखीवपणाला. परंतु भुंगेऱ्यांच्या अळ्यांवरच जगणाऱ्या तिफिया या गांधीलमाशीकडे पाहावे. तिचा डंख अळीला थोडा वेळच लुळे करतो. अळी सावरते, मातीत पुन्हा हालचाल करू लागते, आणि तिच्या अंगाला चिकटलेले पिल्लू तिच्यावर पोसले जाऊन पूर्ण वाढते. म्हणजे कायमच्या लुळेपणावाचूनही हा संसार तडीस जातो. फाब्रनी डोळ्यांसमोरच्या दोन-चार जातींवरून साऱ्या गतकाळाचा निवाडा दिला. असा शेरा मारलेली फाईल आमच्या टेबलावर आली असती, तर आम्ही ती फेरचौकशीसाठी परत पाठवली असती.

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. डार्विनला खोटे पाडण्याची ईर्ष्या नसती, तर पिल्लू जागचे हलवून पाहण्याचा प्रयोग फाब्रनी इतक्या चिकाटीने केला असता काय, याची आम्हांस शंका आहे. म्हणून निकालाची पाने गाळून हा ग्रंथ वाचावा, असे आम्ही सुचवणार नाही. फक्त माती उकरण्याची प्रकरणे आधी वाचावीत, आणि डार्विनशी वाद घालणारे प्रकरण तिफियाची हकीकत ध्यानात ठेवून मागाहून उघडावे.