गुप्त प्रतिकाराची नैतिकता आणि तिची सीमा

हेरगिरी आणि युद्धकालीन गुप्त प्रतिकार यांवरील ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या श्रेष्ठ मालिकांचे सामर्थ्य साहसाच्या चित्रणात नाही. साहसाची किंमत मोजण्यात आहे. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७९) मध्ये जॉर्ज स्मायली आपल्याच खात्यातील फितुराचा शोध घेतो, आणि तो सापडतो तेव्हा विजयाचा आनंद कोणालाच होत नाही. बीबीसीने बेल्जियमच्या दूरचित्रवाणीच्या सहकार्याने निर्मिलेली 'सीक्रेट आर्मी' (१९७७–७९) ही मालिका हा हिशेब अधिक कठोरपणे मांडते.

विमाने पाडली गेल्यामुळे शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना जर्मनव्याप्त ब्रुसेल्समधून निसटून जाण्यास मदत करणारी एक गुप्त साखळी या मालिकेच्या केंद्रस्थानी आहे. साखळीचा एक आधारस्तंभ असलेला आल्बेर हा उपाहारगृहाचा मालक आहे. जर्मन अधिकारी त्याचे गिऱ्हाईक, त्यांच्याच पैशावर त्याचा धंदा चाललेला. देशभक्ती आणि नफा ही दोन्ही त्याच्या ठायी एकत्र नांदतात, आणि लेखक त्यांची सोयीस्कर फारकत करीत नाहीत. शत्रूपक्षाचा केसलर क्रूर आहे, तरी एका बेल्जियन स्त्रीवरील त्याचे प्रेम खोटे नाही. सर्वांत बोचरा प्रसंग मुक्तीनंतरचा आहे. उपाहारगृहात गाणाऱ्या मोनीकवर तिच्याच शहरातला जमाव देशद्रोहाचा ठपका ठेवतो. गुप्ततेचा धर्मच असा, की जो तो निष्ठेने पाळतो त्याच्यापाशी निष्ठेचा पुरावा उरत नाही.

ही सूक्ष्म नैतिक दृष्टी भारताकडे वळते तेव्हा मात्र तिला एक मर्यादा पडते. पॉल स्कॉट यांच्या कादंबरी-चतुष्टयावर आधारलेली ग्रॅनाडाची चौदा भागांची 'द ज्युएल इन द क्राउन' (१९८४) १९४२ पासून सुरू होते. साम्राज्याच्या पोलिसी सत्तेतील विकृती ती मेरिकच्या रूपाने निर्भयपणे उघड करते. तिचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रेक्षकाची सहानुभूती ज्याला लाभते तो हरी कुमार इंग्लंडमध्ये वाढलेला, तेथील उच्चभ्रू शाळेत शिकलेला, राजकारणापासून दूर असलेला तरुण आहे. प्रतिकार न करताच तो चिरडला जातो. ब्रुसेल्समधील उपाहारगृहाच्या मालकाला प्रतिकारकर्ता म्हणून जी गुंतागुंत मिळाली, ती बेचाळीसच्या भारतीय भूमिगताला मिळत नाही. तो पडद्याच्या कडेला, जमावाच्या आणि दंग्याच्या रूपात उरतो.

जबलपूरच्या कांचघरसारख्या मोहल्ल्यातील मराठी रसिकाला ही उणीव अधिक जाणवावी, कारण प्रतिकाराचा एक अध्याय त्याच्याच शहरात घडला आहे. मुंबईतील नाविकांच्या उठावानंतर अवघ्या आठ दिवसांनी, २६ फेब्रुवारी १९४६ रोजी, जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील भारतीय जवान बराकी सोडून 'जय हिंद'च्या घोषणा देत शहरात आले. साम्राज्याचे संदेश वाहणाऱ्या हातांनीच आज्ञा नाकारली. हेरकथेला याहून समर्पक विषय कोणता असेल? तरीही तो पडद्यावर कोणाला सुचलेला दिसत नाही.

दोष केवळ परक्यांच्या दृष्टीचा मानणे मात्र आत्मवंचना ठरेल. १९४२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये मुंबईत जागा बदलत चाललेले काँग्रेस रेडिओ आणि त्यातील उषा मेहता, तसेच नाना पाटलांच्या नेतृत्वाखालचे साताऱ्याचे प्रतिसरकार यांचे स्मरण आपण कृतज्ञतेने करतो. पण ते बहुधा पोवाड्याच्या सुरात. प्रतिसरकारने फितुरांना शिक्षा केल्या. अशा एखाद्या फितुराच्या घरी त्या रात्री काय घडले असेल? शिक्षा देणाऱ्याला पुढे झोप लागली असेल काय? भूमिगताला भाकरी देणाऱ्या बाईने शेजारणीशी किती वर्षे खोटे बोलून काढली असतील? हे प्रश्न विचारल्याने त्या लढ्याची उंची कमी होत नाही. उलट लढणारी माणसे पुतळ्यांतून बाहेर येतात. 'सीक्रेट आर्मी'पासून घेण्यासारखे काही असेल तर ते तिचे कथानक नव्हे, आपल्याच वीरांना प्रश्न विचारण्याचे तिचे धैर्य होय.