सार्वजनिक शिल्प आणि कलावंताचे स्थान

सार्वजनिक कलेस राजाश्रय व लोकाश्रय मिळावा, आणि एखाद्या प्रदेशाच्या रचनेत कलावंतास सहभागी करून घ्यावे, हा विचार अलीकडे पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. फ्रान्सने 1951 साली शालेय इमारतींच्या खर्चातील एक टक्का कलेसाठी राखून ठेवला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने 1959 साली पुनर्विकासाच्या कामांस तसाच नियम लावला. त्याही आधी, मंदीच्या काळात, 1935 ते 1943 या वर्षांत अमेरिकेच्या संघशासनाने हजारो चित्रकार-शिल्पकारांस वेतन देऊन सार्वजनिक वास्तूंसाठी काम करवून घेतले. हे प्रयत्न आदरणीय आहेत. तथापि आपल्या भूमीत हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही दगडात कोरले गेले होते. त्या उत्तराच्या आधारे आजच्या व्यवहाराची परीक्षा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सांचीच्या महास्तूपाकडे आपण बहुधा धर्मवास्तू म्हणून किंवा शिल्पसौंदर्याचा नमुना म्हणून पाहतो. ते एक सार्वजनिक बांधकाम होते, ही गोष्ट मात्र विसरतो. तेथे सहाशेहून अधिक दानलेख आहेत. त्यांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, श्रेष्ठी आहेत, गृहिणी आहेत आणि संपूर्ण गावांनी मिळून दिलेली दानेही आहेत. बहुतेक दाने लहान आहेत. कोणी वेदिकेची एक सूची दिली, कोणी एक स्तंभ, तर कोणी प्रदक्षिणापथाची एक फरशी. हे शक्य कशामुळे झाले? केवळ श्रद्धेमुळे, असे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. वेदिकेची रचनाच अशी होती की तिचे स्तंभ, सूची आणि उष्णीष असे सुटे भाग पडत. एकेका भागावर एकेका सामान्य दात्याचे नाव येऊ शकत होते. लोकसहभागाला जागा देणारी ही रचना होती. सहभागाची घोषणा तीत वेगळी करावी लागली नाही.

दक्षिण तोरणावरील दोन लेख या दृष्टीने विशेष मननीय आहेत. एका लेखानुसार तेथील तुळई ही राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचे दान आहे. दुसरा लेख सांगतो की तेथील ‘रूपकम्म’ विदिशेच्या दंतकारांनी केले. हस्तिदंतावर काम करणाऱ्यांस पाषाणाचे काम सोपविण्यात आले, ही सामान्य बाब नव्हे. तोरणावरील शिल्पपट्टांत बोटाएवढ्या जागेत माणसे, वृक्ष, हत्ती आणि नगरद्वारे मावली आहेत. त्या बारकाव्याचे मूळ हस्तिदंताच्या सवयीत असावे, असे अभ्यासक मानतात. जवळच्या नगरातील कुशल हात ओळखून त्यांना योग्य जागी बसविणे, यालाच आजच्या भाषेत प्रादेशिक रचनेत कलावंतांचा सहभाग म्हणतात.

महाराष्ट्रातील लेण्यांतही हाच प्रवाह दिसतो. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील यक्षमूर्ती कान्हदास नावाच्या सुवर्णकाराने घडविली, असे तिच्यावरील लेखच सांगतो. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कान्ह याचा शिष्य बलक याचे नाव कोरलेले आहे. कार्ले येथे धेनुकाकटाचा सुतार सामी याने प्रवेशद्वार केल्याची नोंद आहे. पुढच्या काळात कलावंताचे नाव पुसले गेले आणि दात्याचे व राजाचे तेवढे उरले. आरंभी तसे नव्हते. ज्याने घडविले त्याचेही नाव लिहिण्याची प्रथा या समाजात होती.

मग या सर्व कामाची देखरेख कोण करी? विनयग्रंथांत ‘नवकम्मिक’ या पदाचा उल्लेख येतो. विहाराचे नवे बांधकाम पाहणारा हा संघाने नेमलेला भिक्षू असे. भरहुत येथील एका दानलेखात इसिपालित नावाच्या भिक्षूस भाणक आणि नवकम्मिक अशी दोन्ही विशेषणे आहेत. भाणक म्हणजे सुत्तांचे पठण करणारा. म्हणजे ज्याला आशय मुखोद्गत होता, त्याच्याकडेच बांधकामाची देखरेख होती. आशय जाणणारा व बांधकाम पाहणारा यांच्यात तेथे भिंत नव्हती. जातककथा व बुद्धजीवनातील प्रसंग यांची मांडणी तेथे इतकी सुस्पष्ट का आहे, याचे एक कारण येथे सापडावे.

आता स्वातंत्र्योत्तर काळाकडे वळू. सार्वजनिक इमारतींच्या निमित्ताने भारतीय कलावंतांस प्रोत्साहन द्यावे, अशी सूचना पंडित नेहरूंनी केली होती. तिला अनुसरून रिझर्व्ह बँकेच्या नवी दिल्ली येथील इमारतीसाठी निवडक शिल्पकारांकडून प्रस्ताव मागविण्यात आले आणि शांतिनिकेतनचे रामकिंकर बैज यांचे यक्ष व यक्षी स्वीकारले गेले. यक्षासाठी त्यांनी मथुरेच्या संग्रहालयातील परखमचा यक्ष आणि यक्षीसाठी कलकत्त्याच्या संग्रहालयातील बेसनगरची यक्षी डोळ्यांपुढे ठेवली. बेसनगर म्हणजेच प्राचीन विदिशा, सांचीच्या दंतकारांचे नगर. परंपरेशी जोडलेला हा धागा आम्हांस मोलाचा वाटतो. यक्षाच्या हाती यंत्राचे चक्र आणि यक्षीच्या हाती धान्याच्या लोंब्या देऊन शिल्पकाराने उद्योग व शेती यांचा आधुनिक अर्थ प्राचीन रूपात ओतला. योग्य दगड मिळविण्यात वर्षे गेली आणि यक्षीच्या अनावृत रूपावरून संसदेतही प्रश्न निघाला. तरी बँकेने कलावंताचा हात सोडला नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. इमारत आधी ठरली, मग तिच्या दाराशी दोन मूर्तींना जागा देण्यात आली. कलावंत अंगणापर्यंत पोहोचला, आराखड्याच्या मेजापर्यंत पोहोचला नाही.

आज तर अंगणही आकुंचित झाले आहे. मोठ्या बांधकामात शिल्प ही निविदेतील एक बाब ठरते आणि चर्चा उंचीची होते. मुंबईच्या इंदू मिल येथील स्मारकाचे भूमिपूजन 2015 साली झाले. 2020 साली राज्य मंत्रिमंडळाने तेथील पुतळ्याची उंची 250 फुटांवरून 350 फूट केली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी जनतेने केलेला संघर्ष आम्ही जाणतो आणि त्यामागील भावनेपुढे नतमस्तक आहोत. पण त्या पुतळ्याभोवतीच्या भिंती, पायऱ्या, वाचनस्थाने आणि वृक्षराजी यांतून तो विचार कोणते रूप घेईल, यावर उंचीइतकी चर्चा झाली नाही. साडेतीनशे फुटांच्या एकसंध पुतळ्यात लहान दात्याला सूची मिळत नाही आणि लहान कलावंताला शिल्पपट्ट मिळत नाही.

मालवणजवळील राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुमारे 35 फूट उंच पुतळ्याचे अनावरण 4 डिसेंबर 2023 रोजी झाले आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. त्या दिवशी महाराष्ट्राचे मन व्यथित झाले. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीस कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, ही व्यवस्था आपल्याकडे आहे. पण मुद्रा हुबेहूब आहे की नाही, एवढ्याने सार्वजनिक शिल्प सिद्ध होत नाही. ते समुद्रवाऱ्यात उभे राहणार आहे, त्याला वेळ किती हवा, धातू कोणता, चौथरा कसा, हे प्रश्न शिल्पकार, अभियंता आणि स्थानिक जाणकार यांनी प्रारंभापासून एकत्र बसून सोडवायचे असतात.

नागपूरच्या दीक्षाभूमीचा अनुभव दुहेरी आहे. वास्तुविशारद शिवदान मल यांनी सांचीच्या रूपाचा आधार घेऊन आतून पोकळ असा भव्य स्तूप योजला. 1978 पासून चाललेले काम पूर्ण होऊन 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्राचीन स्तूपात प्रवेश नसे. येथे लोकसमुदाय स्तूपाच्या आत एकत्र येतो. रचनेने घेतलेला हा नवा अर्थ समाजाने आपला मानला. पण त्याच भूमीवर भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले, तेव्हा 1 जुलै 2024 रोजी हजारो अनुयायी संतप्त होऊन तेथे जमले. स्तूपास व बोधिवृक्षास धोका पोहोचेल, ही त्यांची भीती होती. तोडफोडही झाली. तिचे समर्थन आम्ही करणार नाही. शासनाने त्याच दिवशी कामास स्थगिती दिली. विकासाचा आराखडा जनतेपुढे नीट मांडला असता, तर ही वेळ आली असती का?

यावर असे म्हटले जाईल की, कलावंत आणि जनता यांना प्रत्येक बैठकीस बोलावले तर कामे रखडतील. विलंब होईल, हे खरे. पण स्थगित कामाचा आणि कोसळलेल्या पुतळ्याचा विलंब त्याहून मोठा असतो. दुसरे असे की, दोष एकट्या शासनाचा नाही. अनेक कलावंतही कार्यादेशाची वाट पाहतात आणि ज्या वस्तीत आपले शिल्प उभे राहणार, तेथे एक दिवसही घालवीत नाहीत. दंतकारांस विदिशा परकी नव्हती. आजच्या कलावंताने ती जवळीक कष्टाने मिळवावी लागेल.

म्हणून आमच्या तीन अपेक्षा आहेत. प्रत्येक मोठ्या प्रादेशिक योजनेत आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून आशय आणि बांधकाम दोन्ही जाणणारा एक ‘नवकम्मिक’ असावा आणि त्याच्या शब्दास अधिकार असावा. रचनेत लहान दाता व लहान कलावंत यांना जागा राहील असे सुटे भाग असावेत. आणि शेवटी, उद्घाटकाच्या नावाच्या शिळेवर घडविणाऱ्यांची नावेही कोरली जावीत. सातकर्णीच्या राज्यात दंतकारांना जे मिळाले, ते प्रजासत्ताकात मूर्तिकारास, पाथरवटास आणि ओतारी कामगारास नाकारण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.